हाताचे प्रामाण्य

अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याने कार्यशाळेत पाऊल न टाकता, कानस हाती न धरता, तापलेल्या लोखंडाचा वास नाकाशी न येऊ देता, केवळ दूरस्थ साधनांच्या द्वारे आपल्या शास्त्राचे जे काही संपादन केले, त्यास ज्ञान म्हणावे की ज्ञानाची खबर म्हणावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी विद्यापीठाच्या दफ्तरातला, अभ्यासमंडळाच्या एखाद्या बैठकीत चहापानापूर्वी ठराव करून निकालात काढण्याजोगा वाटतो. मला तो तसा वाटत नाही. ज्ञान कशाने होते, कोणत्या साधनाने झालेल्या ज्ञानावर किती विसंबावे, आणि ज्ञाता म्हणून ज्याला आपण ‘मी’ म्हणतो तो कशाच्या आधारावर उभा असतो, या प्रश्नांशी त्याचे मूळ जाऊन भिडते. आणि हे प्रश्न आपल्या दर्शनकारांनी इतक्या चिकाटीने उकरले आहेत की, आजच्या शिक्षणशास्त्राने पाश्चात्त्य पंडितांच्या दारी जाण्यापूर्वी घरच्या माजघरात एकदा डोकावून पाहण्यास हरकत नसावी.

मार्च २०२० मध्ये देशभरच्या महाविद्यालयांना कुलपे लागली, तेव्हा हा प्रश्न उघडा पडला. व्याख्याने भ्रमणध्वनीवर गेली. ती जाण्यासारखी होती. परंतु विद्यार्थी कोणी कोकणातल्या वाडीवर, कोणी मराठवाड्यातल्या शेतवस्तीवर, कोणी सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या घरी, आणि लेथ, भट्टी व तपासणीची यंत्रे मात्र शहरातल्या कुलुपात, अशी फाळणी झाल्यावर प्रात्यक्षिकांचे काय करावे, याला तोड निघाली ती अशी की, प्रयोगाचे चित्रीकरण दाखवावे, तयार वाचने पुरवावीत, आणि विद्यार्थ्याने ती जर्नलात उतरवून, आलेख काढून, खाली निष्कर्ष लिहावा. जर्नले पूर्ण झाली, त्यांवर सह्या झाल्या, टर्मवर्कचे गुण पडले आणि सत्र बिनबोभाट पार पडले. खरे सांगायचे तर गतवर्षीच्या विद्यार्थ्याचे जर्नल समोर ठेवून आपले भरण्याची वहिवाट महामारीच्या फार पूर्वीपासून चालत आलेली होती. साथीने नवा शिरस्ता पाडला नाही, असलेल्या शिरस्त्याला सनद दिली. म्हणून दोष साथीच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांपैकी प्रत्यक्षाचे लक्षण करताना इंद्रिय आणि पदार्थ यांच्या सन्निकर्षावर, म्हणजे त्यांची गाठ पडण्यावर, त्याने सारा भार ठेवला आहे, आणि त्या गाठीतून निपजलेले ज्ञान अव्यभिचारी व निश्चयात्मक असावे अशी वर अट घातली आहे. आता संगणकाच्या पडद्यावरील आभासी प्रयोगशाळा घ्या. केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाने दिल्लीच्या आय.आय.टी.सह अनेक संस्थांना हाताशी धरून अशा प्रयोगशाळांचा एक मोठा संग्रह साथीच्या कितीतरी आधीच उभा केलेला आहे, आणि ज्या महाविद्यालयात यंत्रेच नाहीत त्याला त्याचा उपयोगही होतो. विद्यार्थी कळ दाबतो. पडद्यावरची सळई ताणली जाते. आलेखाची रेषा चढते, वाकते आणि तुटते. येथे डोळ्याची गाठ पडली ती कशाशी? सळई तेथे नाहीच. प्रकाशाचे ठिपके आहेत, आणि ज्याने आज्ञावली लिहिली त्याच्या सांगण्याबरहुकूम ते हलतात. म्हणजे हे शब्दप्रमाण आहे, आणि ते प्रत्यक्षाचा अंगरखा घालून आले आहे.

शब्दप्रमाण हीन आहे असे कोणीही नैयायिक म्हणणार नाही. आपणा सर्वांच्या ज्ञानाचा मोठा वाटा आप्तवाक्यावरच उभा असतो. चंद्रावर हवा नाही हे मी काही जाऊन पाहिलेले नाही. हरकत आहे ती वेषांतराला. पुस्तकातील वाक्य वाक्य म्हणूनच समोर येते, त्याला प्रश्न विचारता येतो. पण जे ‘मी स्वतः पाहिले’ अशा भावनेने मनात शिरते, त्याची झडती कोणी घेत नाही.

खऱ्या सळईचे वर्तन पाहा. जुन्या तबकडीच्या तपासणी यंत्राच्या जबड्यात सौम्य पोलादाचा नमुना आवळून बळ वाढवू लागले, की काटा एका लयीत चढत जातो आणि एका ठिकाणी अचानक थबकतो, किंचित मागेही सरतो. सळई लांबत असते, पण बळ वाढत नसते. याच सुमारास तिच्या अंगावरची काळी पापुद्री तडकून भुरभुर खाली पडू लागते, हे पाठ्यपुस्तकाच्या आलेखात कुठेही नसते. पुढे काटा पुन्हा चढतो, सळईची कंबर एका जागी बारीक होते, आणि दचकवणारा आवाज होऊन दोन तुकडे पडतात: एकाचे टोक वाटीसारखे खोल, दुसऱ्याचे तिच्यात बसेल असे शंकूसारखे. तुटल्याबरोबर त्या टोकाला बोट लावले तर ते गरम लागते. सळई ताणण्यात खर्ची पडलेल्या कामाचे काय झाले, या तोंडी परीक्षेतल्या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी बोटाच्या पेरात असते. आणि कधी कधी नमुना जबड्यातून निसटतो, आलेख बिघडतो, सारा उपद्व्याप पहिल्यापासून करावा लागतो. पडद्यावरची सळई कधी निसटत नाही. तिच्यात जेवढे घातले तेवढेच ती परत देते; कर्त्याच्या कल्पनेत नव्हते असे काही तिच्या हातून घडण्याची सोयच नाही.

शंकराचार्यांनी भाष्यात एक भेद केला आहे, तो येथे फार उपयोगी पडतो. कर्म पुरुषतंत्र असते: करावे, न करावे, वेगळ्या रीतीने करावे, हे माणसाच्या हाती. ज्ञान मात्र वस्तुतंत्र असते: खांब हा खांबच, तो माणूस आहे असे ठरवण्याची मुभा पाहणाराला नाही. ब्रह्मज्ञानाच्या संदर्भात केलेला हा भेद कार्यशाळेच्या दारावर लावण्याच्या योग्यतेचा आहे. आभासी प्रयोगशाळेतील वस्तूच मुळी पुरुषतंत्र असते, कोणा एका पुरुषाने ती तशी ठरवलेली असते. मग तिच्यापासून होणारे ज्ञान वस्तुतंत्र कसे व्हावे?

न्यायपरंपरेतील धुरावरून अग्नी ओळखण्याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे. हे अनुमान ज्या व्याप्तीवर चालते, ती व्याप्ती शिकण्याची जागा म्हणून परंपरेने दाखवली आहे ती स्वयंपाकघरातली चूल, आणि हा तपशील मोठा अर्थपूर्ण आहे. धूर आणि अग्नी यांची संगत जेथे वारंवार जवळून पाहिली, डोळे चुरचुरले, फुंकर घालताना ठिणगी उडाली, तेथे ती व्याप्ती मनात बसली; डोंगर नंतर आला. आजचा दूरस्थ विद्यार्थी डोंगरावरील धुरापुढे बसवला जातो आणि चूल त्याने पाहिलेलीच नसते.

येथे आभासी साधनांच्या कैवाऱ्यांना त्यांचे माप पुरते घातले पाहिजे, आणि ते घालण्याची सोयही नैयायिकांनीच केलेली आहे. उत्तरकालीन नैयायिकांनी ज्ञानलक्षण नावाचा एक अलौकिक सन्निकर्ष मानला. दुरून चंदनाचे खोड नुसते दिसले, तरी पाहणाराला ‘हे चंदन सुगंधी आहे’ असे जणू डोळ्यांनीच कळते. सुवास काही डोळ्याचा विषय नव्हे, पण पूर्वी घेतलेल्या वासाचे ज्ञान दुवा होऊन त्या दर्शनात मिसळते. अनुभवी वेल्डर दुसऱ्याने घातलेल्या सांध्याचे छायाचित्र पाहूनही रॉड ओलसर होता किंवा हात घाईने फिरला असे सांगतो, ते याच जातीचे दर्शन. यावरून दोन्ही पक्षांना काही ना काही मिळते. ज्याने चंदन एकदा हुंगले आहे, त्याला चंदनाचे चित्र उपकारक आहे, किंबहुना शंभर चित्रे उपकारक आहेत. कारण प्रत्येक चित्रात तो आपला वास भरील. ज्याने हुंगलेले नाही, त्याच्यापुढे ती शंभर चित्रे लाकडाचीच. म्हणून दूरस्थ शिक्षण असावे की नसावे हा वाद मला निष्फळ वाटतो. वाद करायचा तर तो क्रमाचा करावा: थोडा काळ का होईना, वस्तूशी गाठ आधी घालून द्यावी आणि मग दूरची साधने हवी तितकी वापरावीत. आपण नेमके उलट करतो. चार वर्षे चित्रे दाखवतो आणि चंदन नोकरीच्या पहिल्या दिवसावर सोडून देतो.

खरी वस्तू हाताशी नसेल तेव्हा काय करावे, यावर आपल्याकडे सर्वांत व्यवहारी विचार एका वैद्याने केलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय सबंध याच विषयाला वाहिलेला आहे. सर्व शास्त्र पाठ झाले तरी ज्याने हाताने सराव केला नाही तो शस्त्रकर्माला अपात्र, असे प्रारंभीच बजावून सुश्रुताने प्रत्येक कृतीसाठी सरावाची वस्तू नेमून दिली आहे. छेद घेण्यासाठी कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी. भेदन करण्यासाठी पाण्याने किंवा चिखलाने भरलेली कातडी पिशवी. खरवडण्यासाठी केसांसकट ताणलेले कातडे. शिरा विंधण्यासाठी मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. पोकळीचा ठाव घेण्यासाठी किडीने पोखरलेले लाकूड आणि वेळूची नळी. शल्य उपसून काढण्यासाठी फणस आणि बेलफळाचा गर. शिवण्यासाठी जाड वस्त्र आणि मऊ चामडे. पट्ट्या बांधण्यासाठी कापडाचा केलेला माणूस. ही यादी मी मुद्दाम एवढी लांबवली, कारण तिच्यातली नजर विलक्षण आहे. यांतील एकही पदार्थ मनुष्यदेह नव्हे. सारे प्रतिनिधी आहेत. म्हणजे सोंगाच्या साहाय्याने शिकवण्याचे सुश्रुताला वावडे नव्हते. पण प्रत्येक प्रतिनिधी निवडताना त्याने एकच कसोटी लावलेली दिसते: हाताला विरोध कसा होतो. कोहळ्याची साल आधी अडवते आणि मग एकदम सोडते. जोर आवरता आला नाही तर पाते आत घुसते. देहाचे रूप भोपळ्यात नाही, देहाचा प्रतिकार थोडाफार आहे. आपल्या आभासी यंत्रांत रूप हुबेहूब असते आणि प्रतिकार शून्य. आज वैमानिकांच्या शिक्षणासाठी वापरतात ती कृत्रिम कक्षाची यंत्रे मात्र सुश्रुताच्या पंक्तीला बसतात, कारण तेथे दांडा हाताला ओढतो आणि आसन हलते.

फिटिंगच्या शॉपमध्ये पहिल्या वर्षी दिला जाणारा जॉब अगदी साधा असतो: लोखंडाचा एक चौकोनी तुकडा, आणि त्याची बाजू सपाट व काटकोनात करायची. बाकावरच्या शिकंज्यात तुकडा आवळून विद्यार्थी कानस चालवतो. नवख्याचा हात डुलतो आणि पृष्ठभाग मधोमध फुगीर होत जातो. गुण्या टेकवून तुकडा उजेडाकडे धरला की फटीतून प्रकाशाची रेघ दिसते. समपातळीच्या बिडाच्या पाटावर निळा रंग पुसून त्यावर तुकडा घासला, की उंचवटे तेवढे निळे होतात. ते उतरवायचे, पुन्हा घासायचे. काही काळाने असे होते की, उजेडाकडे धरण्यापूर्वीच तळव्याला कळते, बाजू अजून फुगीर आहे. हे कळणे शब्दांत सांगता येत नाही. गिल्बर्ट राइल याने १९४९ साली माहीत असणे आणि करता येणे यांत भेद केला, मायकेल पोलान्यी याने पुढे अनुक्त ज्ञानाची मीमांसा केली, ती याच तळव्याची. सांख्यांच्या गणनेत त्वचा हे ज्ञानेंद्रिय आणि हात हे कर्मेंद्रिय. कानस चालवणाराच्या तळव्यात मात्र या दोन यादींची सीमारेषा पुसली जाते. तो करता करता जाणतो, आणि जाणण्यासाठीच करतो.

याहून खोल गोष्ट न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी आहे. आत्मा हा इंद्रियांहून वेगळा आहे हे सिद्ध करण्यासाठी गौतम जी पहिली युक्ती मांडतो ती दर्शन आणि स्पर्शन यांची. जे मी डोळ्यांनी पाहिले तेच आता मी हाताने स्पर्शीत आहे, असा प्रत्यय आपल्याला येतो. डोळ्याला स्पर्श कळत नाही, त्वचेला रूप कळत नाही. तरी दोहोंनी एकच वस्तू घेतली असे जो जाणतो, तो या दोहोंहून निराळा आणि दोहोंचा धनी असला पाहिजे. आत्म्याच्या अस्तित्वाचा हा पुरावा कोणाला पटो न पटो, यात शिक्षणाचे एक मर्म सांगितले गेले आहे. पाहणे आणि स्पर्श करणे ही जेथे एका वस्तूवर येऊन मिळतात, तेथे ‘मी’ला आपला ठाव लागतो. ज्या विद्यार्थ्याला चार वर्षे नुसते दर्शनच घडले, त्याच्या ठिकाणी माहिती पुष्कळ असते, पण ‘हे मला कळले आहे’ असे म्हणणारा धनी कच्चा राहतो. पदवी घेऊन पहिल्या यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या मुलाची जी चाचरती, ओशाळी अवस्था होते, ती माहितीच्या अभावाने होते असे मला वाटत नाही. विचारले तर सूत्र तो बिनचूक सांगतो.

हा हात आपल्या विद्येतून निसटला कसा? आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात याचे कारण जातिव्यवस्थेत शोधले: कारागिरी खालच्या मानलेल्या जातींकडे गेली, विचार करणारे वर्ग वस्तूपासून दूर झाले, आणि कसे व का विचारणारी बुद्धी हाताला सोडून गेली. मायावादालाही त्यांनी या अपराधात भागीदार धरले आहे. पहिला आरोप मला निरुत्तर करणारा वाटतो. दुसऱ्याविषयी, वर सांगितलेला वस्तुतंत्र ज्ञानाचा आग्रह ज्या आचार्यांनी धरला त्यांनाच भौतिक विद्येच्या ऱ्हासाबद्दल जबाबदार धरणे जरा कठोर वाटते. लोहार, सुतार, चांभार यांच्याकडे पिढ्यानपिढ्या साठलेले ज्ञान बलुत्याच्या हिशेबात मोजले गेले, विद्येच्या हिशेबात कधी आले नाही. संतांनी श्रमाला प्रतिष्ठा दिली, असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि ते खोटेही नाही. परंतु गोरोबांच्या भक्तीची थोरवी गाताना मातीविषयी त्यांना काय ठाऊक होते, कोणती माती चाकावर उभी राहते आणि कोणती भट्टीत तडकते, हे त्यांना कोणी विचारल्याचे कुठे आढळत नाही. काम पवित्र झाले, त्यातले ज्ञान मात्र बेदखल राहिले.

दूरस्थ शिक्षणाचा उल्लेख निघाला की व्यासपीठावरून एकलव्याचे नाव हटकून घेतले जाते, आणि गुरूवाचून शिकलेला शिष्य म्हणून त्याचा गौरव होतो. त्याच्या कथेतील मांडणी मात्र कोणी नीट पाहत नाही. त्याचा गुरू मातीचा होता, परंतु धनुष्य खरे होते, प्रत्यंचा खरी होती, सुटलेला बाण लक्ष्याला लागतो की चुकतो हे सांगणारे रान खरे होते. आपण चालवलेल्या व्यवस्थेत हे सारे उलटे झाले आहे: गुरू जिवंत, पडद्यावर बोलणारा, हजेरी घेणारा, आणि धनुष्य मातीचे. आदिपर्वातील त्या कथेवरून एवढे निश्चित दिसते की, शिकवणारा दूर असला तरी विद्या येऊ शकते. आणि द्रोणाने दक्षिणा मागताना शिष्याची स्मृती किंवा त्याचे मंत्र मागितले नाहीत. विद्या नेमकी कुठे वस्तीला आहे हे त्याला पक्के ठाऊक असल्यामुळे त्याने अंगठा मागितला. त्या मागणीतला अन्याय जितका उघड आहे, तितकेच हे निदानही अचूक आहे.

मग दूरच्या मुलखात राहणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापाशी धनुष्य कसे पोचवावे? ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ साली शिकवणे सुरू केले तेव्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरपोच प्रयोगपेट्या धाडल्या, त्यांत तळहातावर मावणारा एक सूक्ष्मदर्शकही असे. म्हणजे ती संस्था दूरस्थ असूनही वस्तूला तिने दूर ठेवले नाही. आपल्याकडे पुष्कळदा पेटीचीही गरज नाही. काँक्रीटचा सैलपणा पाहण्याचा पत्र्याचा शंकू ३०० मिलिमीटर उंचीचा असतो, तो गावातला पत्रेवाला करून देईल. खडी, वाळू, सिमेंट ही तर एखाद्या घरकुलाच्या बांधकामावर पडलेलीच असतात, आणि पाणी जास्त झाले की ढीग कसा बसका होतो हे पाहण्यासाठी शहरात जावे लागत नाही.

शिवाय अमुक गाव दूरचे, ही गणना कुठून करायची? हिंदुस्थानातील पहिले अभियांत्रिकी महाविद्यालय १८४७ साली कलकत्ता किंवा मुंबई सोडून रुरकीसारख्या लहानशा वस्तीत निघाले, याचे कारण गंगेच्या कालव्याचे प्रचंड काम तेथे चालले होते आणि सोलानी नदीवरून तो कालवा नेणारा जलसेतू तेथेच उभा राहत होता. काम जेथे, तेथे विद्यालय. सरकारच्या गरजेपोटी झालेली ती व्यवस्था होती, त्यात ज्ञानमीमांसेचा हेतू कोणाच्याही मनात नसेल. तरी विद्यार्थी आणि वस्तू यांच्यातील अंतर तिने बरोबर मोजले होते.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तो या मापाला पुन्हा धरून. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेतलेला, एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात वर्षे काढलेला हा गृहस्थ शाळेने नापास ठरवलेल्या खेड्यातील मुलांना घेऊन बसला, आणि वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, आहार आणि आरोग्य असा एका वर्षाचा निवासी क्रम त्याने आखला. त्यातील कळीची गोष्ट अशी की, मुलांनी केलेली वस्तू शोभेच्या कपाटात जात नाही. गावकऱ्याला फाटक हवे असते, तो पैसे मोजून ते घेतो, आणि ते नीट लागले नाही तर परत आणून पुढ्यात ठेवतो. वस्तुतंत्रता म्हणतात ती याहून निराळी काय असणार? २००२ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी.च्या सहकार्याने तेथे फॅब लॅब सुरू झाली, तेव्हा पंचक्रोशीतल्या माणसांना त्याचे फारसे नवल वाटले नसावे. यंत्रे नवी होती, रीत जुनीच होती. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलेल्या नयी तालीमचा हा सर्वांत डोळस वारसा आहे, असे माझे मत आहे. कारण तेथे हस्तोद्योगाला सूत्रांची आणि मोजमापांची जोड मिळाली.

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मुंबईच्या आय.आय.टी.तील, १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या ‘सितारा’ केंद्राने हीच दिशा धरली. त्याच्या विद्यार्थ्यांनी कर्जत तालुक्यातील पाणीयोजना पायी हिंडून तपासल्या, आणि पुढे २०१६ साली ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ या नावाने राज्य शासनाने ही रीत अभियांत्रिकी महाविद्यालयांपुढे ठेवली. नळयोजनेचे पाणी शेवटच्या वाडीपर्यंत का पोचत नाही, हा प्रश्न कागदावर फार सुटसुटीत असतो: टाकी दहा मीटर उंच, म्हणजे तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब, त्यातून नळीतील घर्षणाची वजाबाकी. पण दाबमापक घेऊन शेवटच्या तोटीशी उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला काटा शून्याशी दिसतो, तो वाटेने मागे मागे चालत जातो, आणि मधल्या आळीत कोणीतरी नळीला भोक पाडून घेतलेली जोडणी त्याला सापडते, किंवा झडप अर्धी उघडण्याचे फर्मान ज्याच्या मर्जीवर सुटते तो माणूस सापडतो. घर्षणाच्या सूत्रात त्या माणसासाठी अक्षर नाही. तरीही तो त्या योजनेच्या अभियांत्रिकीचा भाग आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. असल्या शिक्षणाची परीक्षा कशी घ्यायची? आभासी प्रयोगाचे गुण संगणक क्षणात देतो, तक्रारीला जागा राहत नाही. गावातल्या कामाचे प्रमाणपत्र कोणी द्यायचे? अपंग विद्यार्थ्यांना, घराबाहेर मुक्काम करण्यास मुभा नसलेल्या मुलींना पडदा हाच आधार असतो, तो काढून घेणे क्रूरपणाचे होईल, हेही खरे, आणि तो काढून घ्यावा असे मी म्हणत नाही. पण प्रमाणपत्राचा प्रश्न मात्र मला वाटतो तितका अवघड नाही. पावसाळ्यानंतर विहिरीवरचे पंप सुरू झाले, की तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानापुढे जळक्या मोटरींची रांग लागते. दुकानदार झाकण काढतो, आत वाकून वास घेतो, वेटोळ्यांवरून नजर फिरवतो. तीन फेजांपैकी दोहोंची वेटोळी काळी आणि एकीची जशीच्या तशी दिसली, की शेतकऱ्याला सांगतो, एक फेज गेली होती, मोटर तशीच चालू राहिली. हे अनुमान आहे, आणि त्यामागची चूल त्याने शेकडो वेळा पाहिली आहे. विद्युत अभियांत्रिकीचा जो विद्यार्थी घरी अडकला आहे, त्याला त्या दुकानात दोन महिने बसवावे, स्टार जोडणीत हे असे का घडते याची गणिते प्राध्यापकांनी दुरून करून घ्यावीत, आणि जर्नलाच्या तळाशी दुकानदाराची सही घ्यावी.

असे सुचवले की विद्यापीठाचा कारकून विचारतो, सही करणाराची शैक्षणिक अर्हता कोणत्या रकान्यात भरायची. वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्त कोणाला म्हणावे हे सांगताना दोनच अटी घातल्या आहेत: त्या वस्तूचा त्याला स्वतः साक्षात्कार झालेला असावा, आणि जसे जाणले तसे सांगण्याची त्याला इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे तो पुढे स्पष्ट म्हणतो. अर्हतेचा रकाना त्याच्या व्याख्येत नाही. विद्यापीठाच्या नमुन्यातून तो गाळायचा किंवा रुंद करायचा, याची तजवीज अभ्यासमंडळाने पुढच्या बैठकीत करावी, चहापानानंतर केली तरी चालेल.